ब्रेसेस लावायला गेलो आणि कळलं, दोन दात मुळातच नाहीत

प्रश्न: माझी मुलगी बारा वर्षांची आहे. पुढच्या दातांत फट आहे म्हणून ब्रेसेस लावायला तिला दापोलीहून चिपळूणला नेलं. डॉक्टरांनी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला आणि सांगितलं की, वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा उजवीकडचा दात आणि खाली डावीकडची दुसरी उपदाढ (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधली छोटी दाढ) हिला जन्मतःच नाही. डावीकडचा शेजारचा दात आहे, पण बारीक आणि टोकदार. ‘ब्रेसेसच्या पेशंटमध्ये हे नेहमी दिसतं,’ असं ते म्हणाले. हे खरं आहे, की माझी समजूत काढायला म्हणाले? सासूबाई म्हणतात, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस. मी मळमळतं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, ते आता मनाला लागून राहिलं आहे. मोबाइलवर वाचलं की असे दात नसले तर पुढे कॅन्सर होतो. ओळखीचे एक डेंटिस्ट म्हणाले, दुधाची दाढ काढून टाका, दोन्हीकडे इम्प्लांट बसवा आणि मोकळे व्हा. लेक हल्ली तोंडावर हात धरून हसते. मुलीची जात, पुढे लग्नाचंही बघावं लागेल. धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याचाही एक्स-रे काढू का? (यांचाही वरचा एक दात असाच बारीक आहे, पण त्यांना कधी काही त्रास झाला नाही.)
– एक आई, दापोली

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी गोळ्यांचं. तुम्ही कॅल्शियम सोडलं म्हणून दात आले नाहीत, असं झालेलं नाही. होऊच शकत नाही. दात तयार होतो तो आधी जबड्यात त्याचा अंकुर धरतो आणि मग त्या अंकुरावर कॅल्शियम साठून तो टणक होतो. तुमच्या लेकीच्या त्या दोन जागी अंकुरच धरला नाही. जे मुळात रुजलंच नाही त्याला कॅल्शियम कमी पडायचा प्रश्न येत नाही. शिवाय खालच्या दुसऱ्या उपदाढेचा अंकुर धरतो तोच मूल जन्मल्यानंतर, पहिल्या वर्षात. आणि ती टणक व्हायला लागते मूल दोन-सव्वादोन वर्षांचं झाल्यावर. म्हणजे त्या दाढेचा निर्णय झाला तेव्हा लेक तुमच्या पोटात नव्हती, मांडीवर होती. ग्रहणाचा तर संबंधच नाही. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, जमलं तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही बरोबर न्या. एक्स-रे समोर धरून डॉक्टरांनी सांगितलेलं घरात जास्त पटतं, हा माझा अनुभव आहे.

आता कारण. ते तुम्ही स्वतःच पत्रात कंसात लिहून गेला आहात. तुमच्या यजमानांचा बारीक दात आणि लेकीचा नसलेला दात ही बहुतेक एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. दातांच्या अंकुरांना कधी, कुठे आणि किती वाढायचं हे सांगणारी जनुकं असतात. एमएसएक्स-१ या जनुकातला बदल न आलेल्या दातांमागे असतो हे १९९६ साली कळलं, पॅक्स-९ चं २००० साली, आणि डब्ल्यूएनटी-१०ए या जनुकातले बदल तर आता सर्वात जास्त सापडतात. त्या बदलाचा परिणाम एकाच घरात वेगवेगळा दिसतो: एकाचा दात बारीक, दुसऱ्याचा नाहीच, तिसऱ्याचे सगळे व्यवस्थित. एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्या बहिणींतही न आलेल्या दातांची संख्या वेगळी निघालेली आहे. एवढं कळल्यावर घरातला दोषाचा रोख तुमच्यावरून उठून यजमानांकडे वळू नये, एवढी काळजी घ्या. डोळ्यांचा रंग देताना जशी कोणाची चूक होत नाही, तशी इथेही झालेली नाही.

तुमच्या डॉक्टरांनी समजूत काढली नाही, खरं तेच सांगितलं. पण त्या वाक्याचा नेमका अर्थ समजून घेण्यासारखा आहे.

अक्कलदाढा सोडून एखादा तरी कायमचा दात जन्मतः नसणं हे सर्वसाधारण लोकांत बऱ्यापैकी आढळतं. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २००४ साली जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात युरोपात स्त्रियांमध्ये ६.३ टक्के आणि पुरुषांमध्ये ४.६ टक्के असं प्रमाण निघालं. मुलींमध्ये ते मुलग्यांपेक्षा साधारण १.३७ पट. जगभरच्या पाहण्यांचा २०१४ सालचा आणखी एक आढावा आहे, त्यात एकूण प्रमाण ६.४ टक्के आलं. म्हणजे लेकीच्या वर्गात पन्नास मुलं असतील तर तिच्यासारखी आणखी दोघं-तिघं असू शकतात, फक्त त्यांचा एक्स-रे कोणी काढलेला नाही. अक्कलदाढा मोजल्या तर आकडा कुठल्या कुठे जातो: निदान एक अक्कलदाढ नसलेली माणसं वीस टक्क्यांहून जास्त आहेत आणि त्यांना त्याचं काडीचं दुःख नाही.

ब्रेसेससाठी येणाऱ्या मुलांत हेच प्रमाण चढं दिसतं. जपानमधल्या ३,३५८ ऑर्थोडॉन्टिक पेशंटांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ८.५ टक्के मुलांना एक किंवा जास्त दात जन्मतः नव्हते, मुलींत ९.३, मुलग्यांत ७.५. कोरिया आणि स्लोव्हेनियातल्या अशाच पाहण्यांत आकडा ११ टक्क्यांच्या आसपास गेला. ऑर्थोडॉन्टिस्टच्या खुर्चीत बसलेल्या दर दहा-बारा मुलांत एक, असं धरा. महिन्याला अनेक नवी मुलं तपासणाऱ्या माणसाला हे खरोखरच नेहमीचं असतं.

पण तिथे प्रमाण जास्त का? याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही साधी आहेत. एक म्हणजे दात नसला की फट पडते, मधली रेघ सरकते, सुळा भलतीकडून येतो, आणि तेच बघून आईबाप मुलाला ब्रेसेससाठी आणतात. तुम्हीही फटीसाठीच गेलात ना? दुसरं, तिथे जवळपास प्रत्येकाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी निघतो. शाळेत दात तपासायला आलेल्या डॉक्टरांना नुसत्या तोंडात बघून हे कळणं अवघड असतं. किडून काढलेला दात, हिरडीत अडकलेला दात आणि मुळात नसलेला दात, तिन्हींची रिकामी जागा वरून सारखीच. शिवाय दुधाची दाढ तिच्या जागी धडधाकट उभी असेल तर खाली काही नाही याची शंकाही येत नाही. त्यामुळे ब्रेसेसवाल्यांतला आकडा समाजाला लावू नये. तो घाबरण्यासाठी वापरू नये तसाच ‘काय, सगळ्यांनाच असतं’ म्हणून दुर्लक्ष करण्यासाठीही नको. घाबरायचं कारण नसलं तरी आखणी लागते, आणि ती आता, बाराव्या वर्षीच लागते.

लेकीचे जे दात नाहीत तेही अगदी ठरावीक आहेत. युरोपातल्या पाहण्यांत सर्वांत जास्त वेळा गैरहजर असते ती खालची दुसरी उपदाढ, तिच्या मागोमाग वरच्या मोठ्या पुढच्या दातांशेजारचा दात, मग वरची दुसरी उपदाढ. आणि ज्यांना असे दात नसतात त्यांतल्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांना एक किंवा दोनच नसतात. तुमची लेक याच मोठ्या गटात बसते.

सहा किंवा त्याहून जास्त दात नसणं हा मात्र वेगळा मामला आहे. तो हजारात एखाद-दोघांत सापडतो, आणि तिथे डॉक्टर दातांपलीकडे बघतात: केस विरळ आहेत का, घाम येतो का, नखं कशी आहेत. दात, केस आणि घाम या तिन्हींवर परिणाम करणाऱ्या आजाराच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आपल्याच उपखंडातली आहे. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल चार्ल्स डार्विननं १८७५ साली लिहिलं होतं: चार पिढ्यांत दहा पुरुष असे, की दोन्ही जबड्यांत मिळून चार बारके पुढचे दात आणि आठ दाढा, अंगावर केस कमी, टक्कल लवकर आणि उन्हाळ्यात कातडी कोरडी पडून हाल. मुलींना स्वतःला त्रास नसे, पण त्यांच्या मुलग्यांत तो उतरे. लेकीचे केस दाट असतील, खेळून आली की ती घामानं भिजत असेल, तर हे तुमच्या घरचं दुखणं नाही.

कॅन्सरच्या बातमीचं मूळही असंच दुर्मीळ ठिकाणी आहे. २००४ साली फिनलंडमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरातल्या अकरा जणांना निदान आठ कायमचे दात नव्हते आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर किंवा त्याआधीच्या गाठी निघाल्या. दोन्हींच्या मागे ॲक्सिन-२ नावाच्या जनुकातला एकच बदल होता. ज्या घरात बरेच दात नसणं आणि आतड्याचा कॅन्सर दोन्ही चालत आलं आहे, त्यांनी तपासणी जरूर करावी. दोन दात नसलेल्या मुलीच्या आईनं त्या बातमीपायी झोप घालवू नये.

आता उपचार. इथे मी जरा ठामपणे लिहिणार आहे, कारण ओळखीच्या डेंटिस्टनी दिलेला सल्ला आत्ता अमलात आणला तर तो परत फिरवता येणार नाही.

बाराव्या वर्षी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, नको. जबडा वाढतो तसे नैसर्गिक दात हाडासकट उंची बदलत जातात. इम्प्लांट हाडाला घट्ट चिकटलेला असतो, तो जागचा हलत नाही. आज सरळ रेषेत दिसणारा दात चार-पाच वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा आखूड दिसू लागतो, हिरडीची रेघ वर राहते, आणि तेही अगदी पुढे, हसताना दिसणाऱ्या जागी. म्हणून मुलींच्या बाबतीत सतरा-अठरानंतर आणि मुलग्यांच्या बाबतीत वीस-एकविसानंतरच त्याचा विचार करतात. तोही नुसत्या वाढदिवसावरून नाही. सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं चेहऱ्याचे बाजूनं काढलेले दोन एक्स-रे जुळले, म्हणजे वाढ थांबली असं समजतात. पुढच्या दातांच्या बाबतीत अनेक जण त्याहूनही थांबतात आणि मला ते योग्य वाटतं.

दुसरी गोष्ट, न आलेल्या उपदाढेच्या जागी असलेली ती दुधाची दाढ. ‘दुधाची आहे, पडणारच’ असं म्हणून ती काढायला देऊ नका. तिच्या खालून ढकलणारा दातच नाही, त्यामुळे ती पडायची घाई नसते. मुळं शाबूत असतील, कीड नसेल आणि उंची शेजारच्या दाढांबरोबर असेल तर अशी दाढ तिशी-चाळिशीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे काम देते. विशीपर्यंत टिकली तर पुढेही टिकायची शक्यता चांगली. फक्त ती उपदाढेपेक्षा रुंद असते: ही साधारण दहा मिलीमीटर, तर उपदाढ सात-साडेसात. त्यामुळे चावा नीट बसावा म्हणून ऑर्थोडॉन्टिस्ट तिच्या बाजू थोड्या घासून ती अरुंद करतात. ती काढायची वेळ येते ती दोन कारणांनी. एक, ती हाडाला चिकटून बसली असेल आणि वाढत्या वयात शेजाऱ्यांच्या मानानं खाली खाली जात असेल. तशी ठेवली तर तिथलं हाडही खाली राहतं. दोन, लेकीच्या जबड्यात दाटी असेल आणि जागेसाठी एखादा दात काढायचाच असेल. मग चांगली उपदाढ काढण्यापेक्षा ही दुधाची दाढ काढून तारेनं जागा बंद करणं शहाणपणाचं. पण हा निर्णय पूर्ण आखणीचा भाग म्हणून घ्यायचा असतो, आधी दाढ काढून नंतर बघू, असा नाही.

वरच्या दाताचं काम नाजूक आहे. तिथे दोन रस्ते आहेत. पहिला, उजवा सुळा पुढे आणून न आलेल्या दाताच्या जागी बसवायचा, त्याचं टोक घासून आणि वर दाताच्या रंगाचं मटेरियल चढवून त्याला शेजाऱ्यासारखं रूप द्यायचं, आणि सुळ्याच्या जागी पहिली उपदाढ आणायची. फायदा असा की सगळे दात स्वतःचे राहतात, काम शाळेच्या वयातच संपतं, आयुष्यभर इम्प्लांटची देखभाल मागे लागत नाही. अडचण अशी की सुळा मूळचा जाड आणि जरा पिवळसर असतो, त्याची हिरडीही वर असते, त्यामुळे काम करणारा हात चांगला हवा. आणि लेकीला एकाच बाजूला दात नसल्यामुळे मधली रेघ सरकू न देणं हे वेगळं कौशल्य आहे. दुसरा रस्ता म्हणजे तारेनं जागा मोकळी करून राखायची आणि वाढ पूर्ण होईपर्यंत तिथे तात्पुरता दात द्यायचा: रिटेनरला (दात जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीला) लावलेला, किंवा शेजारच्या एका दाताला मागून पंखासारखी पट्टी चिकटवून बसवलेला. त्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात आणि त्यासाठी दात जवळजवळ घासावाच लागत नाही. तो चांगला बसला तर वर्षानुवर्षं टिकतो. काही जणांना पुढे इम्प्लांटची गरजच वाटत नाही. या रस्त्यात जागा नुसती बाहेरून दिसणाऱ्या भागात मोकळी होऊन भागत नाही, आत मुळंही एकमेकांपासून दूर न्यावी लागतात. शिवाय बरीच वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागी हाड बारीक होतं, ते भरायला पुढे छोटं ऑपरेशन लागू शकतं.

कोणता रस्ता हे चावा कसा बसतो, दाटी किती आहे, हसताना हिरडी किती दिसते, सुळ्याचा आकार कसा आहे यावर ठरतं. एक्स-रे न बघता मी तो निवडणं चुकीचं होईल. पण तिसरा रस्ता कोणी सुचवला, म्हणजे दोन्ही बाजूंचे चांगले दात घासून वर कॅपचा ब्रिज बसवू असं सांगितलं, तर या वयात त्याला स्पष्ट नाही म्हणा. बाराव्या वर्षी दाताची नस मोठी असते, घासताना ती दुखावते, आणि दोन निरोगी दात एका नसलेल्या दातापायी आयुष्यभरासाठी कमकुवत होतात. डावीकडच्या बारीक दाताला बहुतेक वेळा थर चढवून नीट आकार देता येतो. तो तारा लावायच्या आधी द्यायचा की मध्ये, हे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि दात भरणारे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवलं तर जागा बरोबर राहते.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण पुढच्या भेटीत आवर्जून विचारा: दोन्ही वरचे सुळे कुठे आहेत? सुळा खाली येताना शेजारच्या दाताच्या मुळाच्या आधारानं येतो. तो दात नसला किंवा बारीक असला की सुळा टाळूच्या बाजूला भरकटू शकतो आणि शेजारच्या मुळांना इजा करू शकतो. सुळे दिसायचं वय अकरा-बारा, म्हणजे आत्ताचंच. वरच्या हिरडीवर बाहेरून बोट फिरवलं तर ते फुगीर हाताला लागायला हवेत. लागत नसतील तर बाकी चर्चेआधी तो प्रश्न सोडवायचा.

खर्चाची किंवा दुसऱ्या मताची अडचण असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय गाठा. दोन्ही ठिकाणी ऑर्थोडॉन्टिक विभाग आहे, आणि दात भरणारे, कृत्रिम दात बसवणारे, शस्त्रक्रिया करणारे असे सगळे विभाग एकाच आवारात असल्यानं अशा केसची आखणी एकत्र होऊ शकते. गर्दी असते, खेपा घालाव्या लागतात, हे धरून चला. एक्स-रे आणि दातांचे साचे काढले असतील तर ते मागून घ्या, ते तुमचे आहेत. ओपीजीचं किरणांचं प्रमाण अगदी कमी असतं, पण तोच एक्स-रे पुन्हा पुन्हा काढायचं कारणही नाही.

आता लेकीबद्दल, आणि हे मला दातांइतकंच महत्त्वाचं वाटतं. ती तोंडावर हात धरते कारण तिला वाटतं की आपल्यात काहीतरी बिघडलं आहे आणि घरातली मोठी माणसं त्यावर कुजबुजतात. तिला समोर बसवून एक्स-रे दाखवा. बारा वर्षांच्या मुलीला हे सगळं समजतं: हे दोन दात आलेच नाहीत, बाबांचाही असाच एक बारीक आहे, यासाठी अशी अशी आखणी आहे, इतकी वर्षं लागतील. बाबांनाच हसून तो दात दाखवायला सांगा. उपचारांत तिचं मत विचारा, कारण दोन-अडीच वर्षं तारा तिच्याच तोंडात राहणार आहेत. तारा लावायला वेळ असेल तर तोपर्यंत फटीत काढता-घालता येणारा दात बसवता येईल का, हे विचारून ठेवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात एवढ्यानंही फरक पडतो. आणि लग्नाचा विषय तिच्यासमोर काढू नका. काढायचंही कारण नाही. ती लग्नाच्या वयाची होईल तोवर हे काम पुरं झालेलं असेल आणि कोणता दात कुठला, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नाही. पुढे तिच्या मुलांत हे उतरेल का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हेच की उतरू शकतं. कदाचित एखादा बारीक दात म्हणून, कदाचित अजिबात नाही. आणि आजी म्हणून तुम्हाला तेव्हा काय करायचं ते माहीत असेल.

धाकट्याचा एक्स-रे आत्ता नको. भावंडांत हे आढळायची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, म्हणून लक्ष ठेवायचं हे बरोबर. पण सहाव्या वर्षी खालची दुसरी उपदाढ काही मुलांच्या एक्स-रेत दिसतच नाही, कारण ती उशिरा तयार होते, कधी आठव्या-नवव्या वर्षीसुद्धा. आत्ता काढला तर असलेला दात ‘नाही’ ठरून तुम्हाला उगीच घोर लागेल. दर सहा महिन्यांनी दात दाखवत राहा. एका बाजूचा दुधाचा दात पडून नवा आला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिन्यांनंतरही हलत नसेल तर डॉक्टरांना सांगा. तसं काही झालं नाही तर आठ-नऊ वर्षांचा झाला की एक ओपीजी काढा. त्या वेळी ताईला दोन दात नाहीत आणि बाबांचा एक बारीक आहे, हे आठवणीनं सांगा, म्हणजे डॉक्टर नेमकं त्या जागा बघतील. तोवर त्याच्या दुधाच्या दाढा किडू देऊ नका. खालची दाढ येणार नाही असं पुढे निघालंच, तर तीच दुधाची दाढ त्याला कित्येक वर्षं वापरायची आहे.